तालुक्याच्या गावातील सरकारी प्राथमिक शाळांची तुलना कशी करावी

तालुक्याच्या गावात पहिलीच्या वयाचे मूल घरात असले की शाळेबद्दलचा सल्ला मागावा लागत नाही, तो आपणहून दारात येतो. क्रमांक एकची शाळा उत्तम आहे, स्टँडमागच्या शाळेत घालू नका, कन्याशाळेत शिस्त आहे, अशी मते किराणा दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सर्वत्र ऐकू येतात. ही मते खोटी असतात असे नाही, पण ती बहुधा जुनी असतात. ज्या बाईंमुळे एखाद्या शाळेचे नाव झाले त्या निवृत्त होऊन दहा वर्षे झालेली असतात आणि ज्या शाळेचे नाव खराब झाले तेथे मधल्या काळात दोन चांगले शिक्षक रुजू झालेले असतात. माझ्या मुलीसाठी मी गावातील पाच शाळा पाहिल्या आणि पुढे तीन वर्षे तिच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर काम केले. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की नगरपरिषदेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची तुलना करायची असेल तर दोन गोष्टी सर्वांत आधी पाहाव्यात: पहिलीचा वर्ग कोणाकडे आहे आणि तिसरीतील मुले न पाहिलेला मजकूर वाचू शकतात का. बाकी सर्व गोष्टी या दोहोंच्या मागून येतात. ही माहिती कशी मिळवावी, ते येथे लिहीत आहे.

आधी यादी करावी

गावातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांची यादी वहीच्या एका पानावर करावी आणि प्रत्येक शाळेपुढे ती कोण चालवते, तेथे कितवीपर्यंत वर्ग आहेत आणि माध्यम कोणते आहे, हे लिहावे. जुन्या नगरपरिषदांच्या गावांत शाळा नगरपरिषदेकडे असतात आणि त्यांचा कारभार प्रशासन अधिकारी पाहतात. ज्या गावांची ग्रामपंचायत जाऊन अलीकडे नगरपंचायत झाली आहे, तेथील शाळा बहुधा अजूनही जिल्हा परिषदेच्या असतात आणि त्यांच्याबद्दलची विचारपूस पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी लागते. पालकांच्या दृष्टीने हा फरक केवळ कागदोपत्री नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होऊ शकते. नगरपरिषदेचे शिक्षक साधारणपणे त्याच गावातील एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातात, त्यामुळे आज ज्या शिक्षकाकडे पाहून आपण शाळा निवडतो तो दोन वर्षांनी निदान गावात तरी असतो.

कितवीपर्यंत वर्ग आहेत याकडे पालक पुष्कळदा दुर्लक्ष करतात. आपल्या राज्यात पूर्वी चौथीपर्यंतची शाळा हीच प्राथमिक शाळा मानली जाई. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते पाचवी असा प्राथमिक टप्पा ठरला, तरी कित्येक शाळा अजून चौथीवरच थांबतात. अशा शाळेत घातलेल्या मुलाला नऊ-दहा वर्षांच्या वयात पुन्हा नवी शाळा, नवे मित्र आणि नवे शिक्षक यांना सामोरे जावे लागते. त्यात दोष आहेच असे नाही, परंतु पाचवीसाठी कोठे जायचे याचे उत्तर पहिलीत प्रवेश घेतानाच ठाऊक असावे.

अंतराचा विचार नकाशावर करू नये. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, आणि लहान गावात हे बहुधा साधलेले असते. मात्र त्या एका किलोमीटरमध्ये राज्यमार्ग ओलांडावा लागतो का, पावसाळ्यात ओढ्यावरून पाणी जाते का, आठवडी बाजाराच्या दिवशी त्या रस्त्याने मूल चालू शकते का, हे मुलाचा हात धरून, त्याच्या पावलांनी चालूनच कळते.

कागदावर काय पाहावे

प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि तो बहुतेक ठिकाणी शाळेच्या फलकावर रंगवलेला असतो. या क्रमांकावरून यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेची माहिती कोणालाही पाहता येते. इयत्तावार मुलांची संख्या, शिक्षकांची संख्या, खोल्या, स्वच्छतागृहे, पाणी, ग्रंथालय या सगळ्याची नोंद तेथे असते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते आणि ती मागच्या वर्षाची असू शकते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. स्वच्छतागृह आहे, एवढेच त्या तक्त्यावरून कळते. त्याला आतून कडी आहे की नाही, हे तेथे कळत नाही.

मला स्वतःला त्या तक्त्यातील इयत्तावार पट सर्वांत बोलका वाटतो. तीन वर्षांपूर्वी पहिलीत ३१ मुले होती आणि आज चौथीत १७ असतील, तर मधली १४ मुले कोठे गेली, हा प्रश्न मुख्याध्यापकांना विचारण्याजोगा आहे. उत्तर नेहमीच शाळेच्या विरुद्ध जाईल असे समजू नये. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर गाव सोडतात, काही कुटुंबे कामासाठी कायमची शहरात जातात. पण मुलांची नावे घेऊन कोण कोठे गेले ते सांगणारे मुख्याध्यापक आणि "आजकाल सगळे इंग्रजीकडे जातात" एवढेच सांगणारे मुख्याध्यापक यांच्यात फार अंतर आहे. पहिल्यांना आपली मुले माहीत असतात.

पटावरून शिक्षकांचा हिशेबही करून पाहावा. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार आणि त्यापुढे २०० पर्यंत पाच शिक्षक असावेत, आणि १५० च्या वर पट गेल्यास स्वतंत्र मुख्याध्यापक असावा. याचा व्यवहारातील अर्थ असा की चौथीपर्यंतच्या ५८ मुलांच्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, म्हणजे प्रत्येकाकडे जोडवर्ग असतो, आणि ११८ मुलांच्या शाळेत प्रत्येक वर्गाला आपला शिक्षक मिळतो. दोन्ही शाळा कायद्यात बसतात, तरी त्यांतील मुलांचा दिवस अगदी वेगळा जातो.

म्हणून जोडवर्गाची शाळा वाईटच, असे मात्र मी म्हणणार नाही. एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र असताना दुसरीची मुलगी पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला मदत करते आहे आणि शिक्षक मधल्या वेळात चार मुलांना जवळ घेऊन वाचून घेत आहेत, असे चांगले चाललेले वर्ग मी पाहिले आहेत. मोडतो तो असा जोडवर्ग, ज्यात एका इयत्तेला फळ्यावरील मजकूर उतरवायला लावून तासभर विसरले जाते. याशिवाय लहान शाळेत मुख्याध्यापकही वर्ग घेतात, आणि माहिती भरणे, बैठका, आहाराचा हिशेब ही सगळी कामे त्यांच्याच अंगावर असल्याने त्यांचा वर्ग सर्वाधिक वेळ शिक्षकाविना राहतो. मुख्याध्यापकांकडे कोणती इयत्ता आहे, हे जरूर विचारावे. ती पहिली असेल तर दुसरी शाळा पाहण्याकडे माझा कल राहील.

पहिलीचा वर्ग कोणाकडे आहे, या प्रश्नाकडे मी इतक्या आग्रहाने पुन्हा का येते, तेही सांगते. अक्षरओळख, शब्द फोडून वाचणे, पेन्सिल धरणे, शाळेत रडू न येता बसणे, हे सगळे त्या एका वर्षात घडते किंवा राहून जाते. राहून गेलेले पुढच्या वर्गातील शिक्षकाला त्याचा अभ्यासक्रम सांभाळून भरून काढावे लागते आणि ते क्वचितच पूर्ण भरते. काही शाळांत नव्याने आलेल्या किंवा सर्वांत कमी बोलणाऱ्या शिक्षकाच्या माथी पहिली मारली जाते, काही शाळांत अनुभवी शिक्षिका ती स्वतः मागून घेतात. दुसऱ्या प्रकारची शाळा गावात असेल, तर तिचे छप्पर पत्र्याचे असले तरी ती यादीत वर ठेवावी.

शाळेत कधी आणि कसे जावे

मुख्याध्यापकांना आधी भेटून, आपण पालक आहोत आणि पाल्याच्या प्रवेशापूर्वी शाळा पाहू इच्छितो, असे सरळ सांगावे. माझ्या अनुभवात पटाची काळजी असणाऱ्या शाळांनी अशा पालकांचे स्वागतच केले आहे. प्रजासत्ताक दिन, स्नेहसंमेलन, बालआनंद मेळावा अशा दिवशी पाहिलेली शाळा हिशेबात धरू नये. शनिवारची शाळा सकाळची आणि अर्ध्या दिवसाची असते, त्यामुळे तोही दिवस टाळावा. मधल्या आठवड्यातील साधा दिवस निवडावा आणि एक फेरी मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी मारावी, कारण त्या दिवशी हजेरी किती घसरते यावरून शाळेचे पालकांशी असलेले नाते बऱ्यापैकी कळते.

परिपाठाच्या वेळी पोहोचावे. प्रार्थनेत मुले किती सुरात गातात याला फारसे महत्त्व नाही. परिपाठ रोज तीच चार हुशार मुले घेतात की पाळीपाळीने सर्वांना पुढे येऊ दिले जाते, हे पाहण्यासारखे आहे. त्यानंतर वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले पट आणि उपस्थितीचे आकडे वाचावेत आणि बसलेली मुले मनातल्या मनात मोजावीत. एका शाळेत फळ्यावर उपस्थिती २९ होती आणि वर्गात २१ मुले होती. विचारल्यावर आकडा कालचा राहिला असल्याचे सांगण्यात आले, आणि तसे होऊ शकते हे मी मान्य करते. म्हणूनच दुसरी फेरी आवश्यक असते. दुसऱ्या फेरीतही अंतर तेवढेच राहिले, तर कागदावरचा पट आणि प्रत्यक्ष शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजावे.

वर्गात बसायला परवानगी मिळाली तर मागच्या बाजूला पंधरा-वीस मिनिटे शांत बसावे. शिक्षक प्रश्न विचारतात तेव्हा सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो, की एकेका मुलाला नाव घेऊन विचारले जाते? सुरातले उत्तर ऐकायला गोड लागते, परंतु त्यात दहा मुले फक्त ओठ हलवत असतात. चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाला काय ऐकावे लागते, याकडे विशेष लक्ष द्यावे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी घातलेली आहे, पण पट्टी टेबलावर आपटण्याचा आवाज ऐकून वर्गातील मुले कशी दचकतात, यावरून जे कळते ते कोणत्याही तक्त्यात नसते.

भिंतींकडे पाहताना त्यांवरील चित्रे कोणी काढली आहेत ते पाहावे. आगगाडीसारखे रंगवलेले व्हरांडे आणि फळाफुलांची तक्त्यासारखी चित्रे रंगाऱ्याने काढलेली असतात. शेजारी मुलांनी स्वतः लिहिलेली वाक्ये, त्यांनी केलेल्या नोंदी, त्यांनी मोजलेल्या पानांची आणि बियांची यादी लावलेली असेल, तर तो वर्ग खरोखर चालतो. पुस्तकांचेही तसेच आहे. कोरी, सुबक पुस्तके काचेच्या कपाटात कुलूपबंद असणे हे वाईट लक्षण आहे. दोरीवर टांगलेली, कोपरे दुमडलेली, चिकटपट्टी लावून जोडलेली पुस्तके दिसली की मला त्या शाळेबद्दल भरवसा वाटतो. लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही, प्रोजेक्टर किंवा संगणक यांना मी या तुलनेत सर्वांत शेवटचे स्थान देते, कारण वीजबिल थकल्याने किंवा दुरुस्तीअभावी ते बंद पडलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट सहज दिसत नाही, म्हणून ती शोधून पाहावी. तालुक्याच्या गावात सर्वच मुलांच्या घरी पुस्तकातील मराठी बोलली जात नाही. कोणाच्या घरी गोरमाटी, कोणाच्या घरी वडारी, पावरी, गोंडी किंवा हिंदी बोलली जाते, आणि मराठी बोलणाऱ्या घरांतही पुस्तकापेक्षा वेगळी बोली असते. मूल आपल्या घरच्या शब्दात उत्तर देते तेव्हा शिक्षक तो शब्द स्वीकारून त्याच्या शेजारी पुस्तकातील शब्द ठेवतात, की वर्ग हसतो आणि शिक्षकही हसतात? आपल्या मुलाची भाषा प्रमाण मराठीच असली, तरीही या प्रश्नाचे उत्तर आपल्याला हवे, कारण ज्या वर्गात एका मुलाच्या बोलण्यावर हसतात त्या वर्गात उरलेलीही जपून, कमी बोलू लागतात.

तिसरीतील मुलाचे वाचन

तुलनेचा खरा गाभा येथे आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केले. त्यात तिसरी अखेरपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, असे ठरवलेले आहे. त्यातील लक्ष्ये पालकांच्या उपयोगाची आहेत. पहिलीअखेर मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी छोटी वाक्ये वाचावीत आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या याव्यात. तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या याव्यात. आता हे अधिकच निकडीचे झाले आहे, कारण राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा ठेवली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते आणि तेथेही ते उत्तीर्ण झाले नाही तर त्याच वर्गात ठेवता येते. तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाच्या वाट्याला पाचवीत हे येते.

दुसऱ्यांच्या मुलांची परीक्षा घेत फिरणे योग्य नाही आणि कोणत्याही शिक्षकाला ते आवडणार नाही. त्यापेक्षा शिक्षकांनाच विनंती करावी की आपण मुलांचे वाचन ऐकू इच्छितो. तसे न जमल्यास आपल्या गल्लीत त्या शाळेतील तिसरी-चौथीची मुले असतातच, त्यांच्या आईवडिलांना विचारून संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांच्याबरोबर गोष्ट वाचावी. प्रत्येक शाळेतील पाच-सहा मुले तरी पाहावीत आणि त्यांत मुली, मुलगे, नेहमी पुढे येणारे आणि मागे राहणारे असे सर्व असावेत. एका हुशार मुलावरून शाळा ठरवू नये.

वाचायला पाठ्यपुस्तकातील शिकवून झालेला धडा देऊ नये. एका मुलाचे वाचन मी ऐकत होते, तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने पान उलटले आणि तो पुढची चार वाक्ये तशीच अस्खलित म्हणत राहिला. धडा त्याला पाठ होता, आणि त्याला वाचता येत नाही हे तोपर्यंत त्याच्या आईलाही कळलेले नव्हते. म्हणून दुसरीच्या पातळीची, पण त्याने न पाहिलेली गोष्ट द्यावी, चित्र झाकावे आणि मधूनच सुरुवात करायला सांगावे. "रस्त्यावर", "प्रश्न", "कुऱ्हाड", "आश्चर्य" अशा जोडाक्षरांशी मूल अडखळले तरी चालेल. ते थांबून, शब्द फोडून पुन्हा प्रयत्न करते, की पहिल्या अक्षरावरून अंदाजाने दुसराच शब्द म्हणून पुढे जाते, हे पाहावे. पहिल्या प्रकारच्या मुलाला कोणीतरी वाचायला शिकवले आहे. शेवटी गोष्टीत काय झाले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे.

गणितासाठी ५२ मधून २७ वजा करायला द्यावे आणि हातचा कसा घेतला ते सांगायला लावावे. त्याचबरोबर "एकोणसत्तर" हा शब्द ऐकवून अंकात लिहायला सांगावे. आपल्या भाषेतील संख्यानामे मुलांना अवघड जातात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" अशी सुटी पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला, तो याच अडचणीतून. मूल ६९ ऐवजी ७९ लिहिते आणि शाळेतील सर्वच मुले तसे लिहितात असे आढळले, तर संख्यांवर पुरेसे काम झालेले नाही असे समजावे.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालाचे फलक शाळेच्या दारावर असतात, आणि त्या यशामागे शिक्षकांची सुट्टीतली मेहनत असते, हे मी जाणते. परंतु तो फलक वाचताना वर्गात एकूण किती मुले होती आणि त्यांतील किती परीक्षेला बसली, हे विचारावे. ३० पैकी सहा मुले निवडून त्यांना वर्षभर तयार केले असेल, तर उरलेल्या २४ मुलांचे वाचन कसे आहे, यावरच आपल्या मुलाचे भवितव्य अधिक अवलंबून आहे.

सेमीबद्दल

पालकांचा पहिला प्रश्न पुष्कळदा सेमी आहे का, हाच असतो. सेमी इंग्रजीमध्ये गणित आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, बाकीचे विषय मराठीतून राहतात. पट टिकवण्यासाठी गावातील बऱ्याच शाळांनी सेमी सुरू केले आहे. सेमी आहे या एकाच कारणाने शाळा निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कोण शिकवते आणि इंग्रजी संज्ञा आधी मराठीतून समजावून देतात का, हे पाहावे. मराठी वाचनात अडखळणाऱ्या मुलाला गणितातील शाब्दिक उदाहरण इंग्रजीत दिले, तर त्याला गणित येत नाही की भाषा, हे शिक्षकालाही कळेनासे होते.

आहार, पाणी, स्वच्छतागृह

येथे फार वेळ लागत नाही. मधल्या सुट्टीत जावे. प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि शिजलेल्या अन्नातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा दंडक आहे. खिचडीतील डाळ दिसते का, चव नोंदवहीत आजची नोंद आहे का आणि शिक्षक ते अन्न स्वतः खातात का, एवढे पाहिले तरी पुरते. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, ते विचारावे. मुलींच्या स्वच्छतागृहात आत जाऊन पाणी, कडी आणि उजेड पाहावा. ते कुलूपबंद असेल किंवा त्यात मोडकी बाके ठेवलेली असतील, तर मुली दिवसभर पाणी पिणे टाळतात आणि कोणाला सांगत नाहीत. मुलाला चालण्यात, दिसण्यात किंवा ऐकण्यात अडचण असेल तर उतरती वाट (रॅम्प) आहे का, याबरोबरच अशा मुलांसाठीचे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शाळेत किती दिवसांनी येतात, तेही विचारून घ्यावे.

पालकांशी बोलताना

प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शेवटची बैठक कधी झाली आणि तीत काय ठरले, हे सदस्य असलेल्या एखाद्या आईला विचारावे. "सही करायला बोलावले होते" असे उत्तर आले तर समिती कागदावर आहे. "पावसाळ्यात गळणारी खोली कोणती ते आम्ही दाखवले" असे उत्तर आले तर ती जिवंत आहे.

इतर पालकांना शाळा चांगली आहे का, असे विचारू नये, कारण आपण निवडलेल्या शाळेला कोणी वाईट म्हणत नाही. गेल्या आठवड्यात मुलाने शाळेतले काय सांगितले, मूल दोन दिवस गेले नाही तेव्हा शिक्षकांचा फोन आला का, असे साधे प्रश्न विचारावेत. त्यांच्या उत्तरांत शाळा दिसते.

येथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. लहान गावात शाळांना वस्त्यांची नावे चिकटतात. "तिथे त्या वस्तीतील मुले जातात" एवढ्या एका वाक्यावर चांगली शाळा ओस पडते, आणि हे वाक्य बोलणारे बहुतेक जण त्या शाळेच्या आवारात कधी गेलेले नसतात. शाळेचा दर्जा मुलांच्या आडनावांवरून आणि त्यांच्या आईवडिलांच्या कामावरून ठरवू नये. ज्यांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, अशी मुले ज्या शाळेत तिसरीत अर्थ समजून वाचतात, त्या शाळेतील शिक्षकांनी केलेले काम शिकवणी लावणाऱ्या घरांतील मुलांच्या शाळेपेक्षा अधिक मोठे आहे, आणि आपले मूल अशा शिक्षकांच्या हाती सोपवायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

निर्णय घेताना

गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत मी एकदा वापरली आणि सोडून दिली. त्या बेरजेत नवी कमान, रंगरंगोटी आणि टीव्ही यांचे गुण मिळून पहिलीच्या कमकुवत वर्गाची उणीव झाकली गेली. त्यापेक्षा पहिलीचा शिक्षक आणि तिसरीचे वाचन यांत जी शाळा समाधानकारक वाटत नाही ती यादीतून काढावी, मग उरलेल्या दोन-तीन शाळांमध्ये रस्ता, स्वच्छतागृह, कितवीपर्यंत वर्ग आहेत आणि आपल्या घराची सोय, या क्रमाने विचार करावा. उदाहरणार्थ, ११८ मुलांच्या आणि चार शिक्षकांच्या शाळेत तिसरीतील सहापैकी दोनच मुलांना गोष्ट वाचता आली, आणि ५८ मुलांच्या जोडवर्गाच्या शाळेत सहापैकी पाच जणांना आली, तर मी दुसरी शाळा निवडीन, मग ती घरापासून दहा मिनिटे लांब का असेना.

हे काम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करावे. "गुढीपाडवा, पट वाढवा" म्हणत शिक्षक घरोघर येऊ लागले की ओळखीपाळखीचा आग्रह सुरू होतो आणि शांतपणे पाहणे कठीण होते. पहिलीसाठी मुलाचे वय ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होत असावे. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. प्राथमिक शिक्षण मोफत आहे. लोकवर्गणी ऐच्छिक असते आणि ती दिल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही असे कोणी सुचवले, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा प्रशासन अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

प्रवेशानंतर दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात पुन्हा एकदा वर्गात जाऊन यावे, कारण बदल्या आणि समायोजन (म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत पाठवणे) यांमुळे जूनमध्ये पाहिलेले शिक्षक तोवर बदललेले असू शकतात. शिक्षक बदलले म्हणून लगेच शाळा बदलू नये, नव्या शिक्षकांना निदान दोन-तीन महिने द्यावेत आणि त्या काळात घरी रोज पाच मिनिटे मुलाचे वाचन ऐकत राहावे. तरीही शाळा बदलावीच लागली, तर कायद्याच्या पाचव्या कलमाने मुलाला दुसऱ्या सरकारी शाळेत जाण्याचा हक्क दिलेला आहे. मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो मिळायला उशीर झाला या कारणाने नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.